भोर अहवाल आपण अर्धाच वाचला

ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले. त्यात 12 नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा असल्याचा आरोप झाला. रुग्ण आमच्याकडे अगदी शेवटच्या टप्प्यावर आणले जातात, असं रुग्णालयाने सांगितलं. सगळे कॅमेरे वॉर्डाकडे वळले. वॉर्डाच्या आधीचे नऊ महिने त्या आयांना कुणी, कुठे तपासलं, याची बातमी फारशी झाली नाही. आम्हा पत्रकारांनाही आकडा हवा असतो आणि तो वॉर्डातच मिळतो.

खरं तर हा प्रश्न 80 वर्षं जुना आहे. 1943 मध्ये ब्रिटिश सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भोर आपल्या नाशिकात जन्मलेले. समितीचा अहवाल 1946 मध्ये आला. त्याचा गाभा काय, तर रोग होऊ न देणं आणि झालेला बरा करणं ही दोन वेगळी खाती नकोत, गावापासून जिल्ह्यापर्यंत एकच साखळी हवी. 40,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, वर मोठं रुग्णालय आणि पैसे नाहीत म्हणून कुणी परत जाता कामा नये.

1952 पासून केंद्रं उभी राहू लागली. इमारती आल्या, साखळी मात्र आली नाही. 1967 मध्ये जंगलवाला समितीने पुन्हा तेच बजावलं की सेवा एकत्र करा. आपल्याकडे आजही काय आहे बघा. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. पेशंट एक, साहेब तीन. या तिघांना जोडणारा दुवा कोणता, तर नातेवाइकाच्या खिशातला घडी घातलेला केस पेपर!

साखळी जोडली तर काय होतं, हे महाराष्ट्रानेच दाखवलंय. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटला. त्यासाठी रुग्णालयात एक खाट वाढवावी लागली नव्हती. पुढे हीच पद्धत देशभरात आशाताईंच्या कामात आली. त्यांना मानधनासाठी दरवेळी मोर्चा का काढावा लागतो, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

सरकारचा मोठा पैसा मात्र दुसऱ्या वाटेने गेला. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, 2018 मध्ये आयुष्मान भारत. दोन्ही चांगल्या, गरिबाच्या शेतीचा तुकडा वाचवणाऱ्या. पण पैसे मिळतात ते भरती झालेल्या पेशंटचे, ठरलेल्या पॅकेजप्रमाणे. शासकीय रुग्णालयालाही तसेच मिळतात. म्हणजे बीपी वेळेत आटोक्यात आणलं तर कमाई शून्य, आणि त्याच माणसाला अर्धांगवायू झाला की पॅकेज.

2023 मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने 'मूल्याधारित' मापन जाहीर केलं. किती ऑपरेशनं केली यापेक्षा पेशंटचं काय झालं, हे बघायचं. निकष पाच: पेशंटचं समाधान, पुन्हा भरती व्हायचं प्रमाण, खिशातून गेलेला पैसा, खऱ्या ठरलेल्या तक्रारी आणि जगण्यात पडलेला फरक. कल्पना मला पटते. नुसते आकडे फुगवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

फक्त पुन्हा भरतीचा निकष नीट बघा. हृदयविकाराचा पेशंट महिनाभरात परत आला की गुण रुग्णालयाचे कापायचे. घरी गेल्यावर त्याच्या गोळ्या चालू होत्या का, साखर कुणी तपासली का, हे काम आरोग्य केंद्राचं, म्हणजे दुसऱ्या साहेबाचं. डिस्चार्ज झालेला तो माणूस तुमच्याकडे आला होता का, असं आरोग्य केंद्राला विचारणारा निकष त्या पाचांत नाही.