गालिब, मंटो आणि चित्रपट नावाचं साधन

लेखकाच्या आयुष्यावरचा चित्रपट संशोधनात साधन म्हणून चालतो का? चालतो. फक्त कशाचं साधन, ते आधी ठरवा.

१९५४ चा सोहराब मोदींचा 'मिर्झा गालिब' घ्या. भारत भूषण गालिब, सुरैया त्याच्यावर जीव ओवाळणारी गायिका. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक यालाच मिळालं. पण या प्रेमकथेला आधार किती? उतारवयात गालिबनं हातिम अली मेहर या मित्राला, त्याची प्रेयसी वारल्यावर, सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यात तरुणपणी आपलाही एका डोमणीवर, म्हणजे गाणाऱ्या बाईवर, जीव होता असा ओझरता उल्लेख येतो. पत्रात तिचं नावसुद्धा नाही. पडद्यावर मात्र तिला नाव आहे, संवाद आहेत, गाणी आहेत! तेव्हा गालिबच्या चरित्रासाठी या चित्रपटाचा दाखला देऊ नका. गाइड पहिल्याच पानावर लाल रेघ मारतील.

आता प्रश्न बदला. कथा कुणाची? सआदत हसन मंटोची. जानेवारी १९४८ मध्ये मंटो मुंबई सोडून लाहोरला गेला. चित्रपट आला तेव्हा तो सरहद्दीपलीकडे होता आणि जानेवारी १९५५ मध्ये तिथेच वारला. संवाद राजिंदर सिंग बेदींचे, म्हणजे तेही उर्दूतले मोठे कथाकार. फाळणीनंतर सात वर्षांनी नवं प्रजासत्ताक एका उर्दू शायरावरच्या चित्रपटाला सुवर्णपदक देतं, हे कसं घडलं? या प्रश्नासाठी तोच चित्रपट अस्सल प्राथमिक साधन आहे. मला तरी हा प्रश्न प्रेमकथेपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

पुढे २०१८ मध्ये नंदिता दास यांनी मंटोवरच चित्रपट केला. कथाकार स्वतःच पात्र झाला. त्यात 'ठंडा गोश्त'सारख्या कथा आयुष्याच्या प्रसंगांत अशा मिसळल्यात की चरित्र कुठे थांबलं, कथा कुठे सुरू झाली, हे पहिल्यांदा बघताना पटकन कळत नाही. दिग्दर्शिकेनं ते मुद्दाम केलंय. तुम्ही दुसऱ्यांदा बघा, वही घेऊन, आणि प्रत्येक प्रसंगापुढे कागद आहे की नाही ते लिहा.

सराव हवा असेल तर १८४७ चं प्रकरण घ्या. जुगाराच्या आरोपावरून गालिबला दिल्लीत कैद झाली होती. मोदींच्या चित्रपटात आणि गुलजारांच्या १९८८ च्या दूरदर्शन मालिकेत दोष कुणाच्या माथी जातो, ते शेजारी शेजारी मांडा. मग गालिबची पत्रं उघडा.