लग्नाचं कर्ज आणि गोदूताई



गटात कर्जाची मागणी आली की आपण विचारतो, कशासाठी? शेळ्या, शिलाई मशीन, पोराची फी, हे सगळं बोललं जातं. लेकीच्या लग्नाचं नाव निघालं की मात्र सगळ्या गप्प होतात.

लग्नाच्या कर्जापायी माणूस गुलाम व्हायचा, तो काळ फार जुना नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडं, वारली आदिवासी लग्नापुरते पैसे जमीनदाराकडून घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघंही त्याच्याकडं राबायचे. हिशेब जमीनदाराच्या वहीत. मग कर्ज फिटणार कधी? अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. आपल्या गंगाखेड-पाथरीकडून उचल घेऊन जोडीनं ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना हे समजावून सांगायला नको.

त्यांच्यात जाऊन राहिल्या त्या गोदावरी परुळेकर, माहेरच्या गोखले. पुण्याच्या वकिलाची लेक, स्वतः कायद्याची पदवी घेतलेली. स्वातंत्र्याच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. १९३९ साली शामराव परुळेकरांशी लग्न झालं. पुढं महायुद्धाला विरोध केला म्हणून दोघंही तुरुंगात.

सुटल्यावर दोघं किसान सभेच्या कामाला लागले. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले. ठरलं की वेठ करायची नाही, मजुरीशिवाय कामाला हात लावायचा नाही. मग गावोगावचे लोक मिळून जमीनदारांच्या दारात गेले आणि लग्नगड्यांना सोडवून घेऊन आले. गोदूताईंनी धीर दिला, पण पाय उचलले ते वारल्यांनीच. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

हे फुकट मिळालं नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. तरी गवतकापणीचा संप झालाच. मागणी काय, तर पाचशे पौंड गवताला अडीच रुपये!

हे सगळं गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गटात एखादीनं मोठ्यानं वाचावं असं ते आहे.

१९९६ साली त्या गेल्या. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे, तिला गोदूताईंचंच नाव दिलंय.