नाव बिब्ब्याचे, मान काजूचा

वैशाखात ठाण्याच्या बाजारात आंब्याच्या पेट्या येऊन पडल्या, की आपण भाव विचारतो. फळाचे कूळ मात्र कोणी विचारीत नाही. आंबा, काजू, चारोळी, अंबाडा आणि बिब्बा ही सारी एकाच कुळातली भावंडे. इराणात कबाबावर ज्याची आंबट, तांबूस पूड भुरभुरतात तो सुमाक आणि अमेरिकेच्या रानातली अंगाला खाज आणणारी विषवेल हीही त्याच गोतातली. यांपैकी पुष्कळांच्या अंगी दाहक चीक असतो. आंब्याचा चीक ओठाला लागलेल्यास तो सांगावयास नको.

या भावंडांतला बिब्बा आपल्या रानातला जुना रहिवासी. चरकसंहितेने त्याला भल्लातक म्हणून गौरविले. त्याच शब्दाचे अरबी-फारसीत 'बलादुर' झाले. युरोपातले औषधविक्रेते त्याच्या हृदयासारख्या आकारावरून त्याला 'अनाकार्डियम' म्हणत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याला 1554 च्या सुमारास मुंबई बेट खंडाने मिळाले. शेजारची साष्टी आणि तीतले ठाणेही तेव्हा पोर्तुगिजांच्याच अमलाखाली होते. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने बिब्ब्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि 'बिबो' हे देशी नावही नोंदविले. काजूला त्यात प्रकरण नाही. ब्राझीलहून आलेला तो पाहुणा कोचीनच्या बागांत दिसल्याचे क्रिस्तोव्हाँ द कोस्ता याने लिहिले, ते 1578 साली.

पुढे गंमत झाली. 1753 साली लिनियसने 'अनाकार्डियम' हे नाव काजूच्या वंशाला दिले. त्याच्या मुलाने 1782 च्या सुमारास बिब्ब्यासाठी 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचे फळ, असे नवे नाव योजिले. आज सबंध कुळ ओळखले जाते ते काजूच्या नावाने. पण ते नाव मुळात बिब्ब्याचे!

खुणेचे फळ हे नाव मात्र खोटे नव्हे. परीट बिब्ब्याच्या काळ्या रसाने कपड्यांवर खुणा करीत; धुतल्याने त्या जात नसत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर फोड उठू लागले. 1943 साली त्यांच्या डॉक्टरांनी कारण प्रसिद्ध केले: परटाची खूण! तिचा रस त्यांच्या मायदेशीच्या विषवेलीचा सख्खा नातलग निघाला.

आपणही चांगल्या कामात कोणी खोडा घातला की 'बिब्बा घातला' म्हणतो. परंतु थंडीत डिंकाच्या लाडवात जी गोडंबी घालतो, ती याच फळाच्या पोटातली. ती काढताना बिब्बे फोडणाऱ्या बायांचे हात पोळतात. नावाचा मान काजूने नेला, तो आता परत येणार नाही. निदान लाडू खाताना त्या हातांची आठवण ठेवणे आपल्या स्वाधीन आहे.