पोलिस ॲक्शनची किंमत कोणी मोजली?

मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख सहसा कोणाला ठाऊक नसते. ‘पुलिस ॲक्शनच्या वेळी मी मांडीवर होते’, ‘ॲक्शनच्या आदल्या साली अब्बांचे लग्न झाले’, असे वयाचे हिशेब असतात. शेजारच्या हिंदू घरात त्याच काळाला ‘रझाकाराचा काळ’ म्हणतात. दोन्ही नावे खरी आहेत. मात्र एका नावामागचे दुःख बोलले गेले, लिहिले गेले. दुसऱ्या नावामागचे दुःख आमच्या घरांतच कुजबुजत राहिले. याचा दोष आम्ही नेहमी दुसऱ्यांना देतो. पण आमच्या नावाने राजकारण करणाऱ्यांनी काय केले, हे आम्ही कितीसे तपासले?

हैदराबाद संस्थानात मुसलमान होते सुमारे 13 टक्के. सत्ता मुसलमान राजाची होती, हे खरे. पण या 13 टक्क्यांत नवाब, जागीरदार आणि बडे अंमलदार होते तरी किती? बाकीचे मोमीन, पिंजारी, अत्तार, बागवान, कसाई, शेतमजूर, फार तर एखादा चपराशी नाहीतर जमादार. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनने या लोकांना ‘अनल मलिक’ हा मंत्र दिला. म्हणजे ‘मीच राजा’. ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटेल याची खात्री नव्हती, त्याला सांगण्यात आले की तू राज्यकर्ता आहेस! शेजारच्या कुणब्याची आणि आपली गरिबी एकच आहे, हे त्याला दिसू नये एवढी सोय या दोन शब्दांनी केली.

बहादूर यार जंग 1944 साली वारले. पुढे 1946 मध्ये मजलिसची सूत्रे लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या हाती गेली. माणूस अलीगढला शिकलेला, जिभेचा मोठा तिखट. जून 1947 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी, इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार, असे जाहीर केले. चारही बाजूंनी भारत, समुद्र नाही, प्रजेतले बहुसंख्य लोक राजाच्या विरोधात. शाळेतले पोरही नकाशा पाहून सांगेल की हे जमणारे नाही. दरबारातल्या जाणत्यांना ते कळतही होते. छतारीचे नवाब, अली यावर जंग आणि इंग्रज वकील वॉल्टर माँक्टन यांनी दिल्लीशी करार ठरवत आणला होता. पण 27 ऑक्टोबर 1947 रोजी पहाटे रझवीच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला आणि त्यांना दिल्लीला जाऊ दिले नाही. छतारींनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी मीर लायक अली आले. 29 नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला खरा, पण तोवर राज्याचा लगाम कोणाच्या हाती आहे हे सगळ्यांना कळून चुकले होते.

पुढचे दहा महिने रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केले, त्याची वकिली आम्हांला करायची नाही. बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी मे 1948 मध्ये झालेले हत्याकांड, लुटलेली गावे, सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत पळालेली हजारो कुटुंबे, हे सगळे घडले आणि आमच्या दीनचे नाव घेऊन घडले. जून 1948 मध्ये माउंटबॅटन भारत सोडण्यापूर्वी एक शेवटचा मसुदा पुढे आला. विलीनीकरणाचा प्रश्न लोकमताने सोडवायचा, अशी त्यात तरतूद होती. तोही नाकारला गेला. ज्यांच्या अंगावर हे सारे येणार होते, त्या नळदुर्गच्या, लातूरच्या, नांदेडच्या मुसलमानांना कोणी विचारले?

बोलणारे नव्हते असे नाही. शोएबुल्ला खान हा ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावे आणि रझाकारांना आवर घालावा, असे तो उघड लिहीत होता. 22 ऑगस्ट 1948 च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्याला गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. मारणारे मुसलमान, मरणारा मुसलमान, आणि भांडण कोणत्या गोष्टीचे? तर सामान्य मुसलमानाचे हित कशात आहे, याचे. आम्हांला वाटते, आमच्या इतिहासातले हे सगळ्यांत मोठे पान आहे. आणि आमच्याच घरांत ते सगळ्यांत कमी वाचले जाते.

13 सप्टेंबरला सोलापूरकडून फौजा नळदुर्गवर आल्या. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. लढाई पाच दिवसांत आटोपली. खरी किंमत त्यानंतर मोजली गेली, आणि ती रझवीने मोजली नाही.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना भारत सरकारनेच पाहणीसाठी पाठवले. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात ते 16 पैकी 9 जिल्हे फिरले. पोलिस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी पाहणीच्या वेळी जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. रझवीच्या गावाने रझवीचे कर्ज असे फेडले. काही ठिकाणी वर्दीतले लोकही लुटीत सामील होते, असे अहवाल सांगतो, आणि जनरल चौधरींविषयी चांगलेही बोलतो. त्यातच आणखी एक नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, त्यासाठी काहींनी स्वतःचे प्राण दिले. माग एक, पोट एक. ‘अनल मलिक’वाल्यांना जे दिसले नाही, ते या विणकरांना दिसत होते.

आता पुढाऱ्यांचे पाहू. निजाम 1950 ते 1956 राजप्रमुख राहिले. वर्षाला 50 लाखांचा तनखा सुरू होता. लायक अली मार्च 1950 मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. रझवी 1957 साली तुरुंगातून सुटला, पाकिस्तानात जाण्याच्या अटीवर. 1970 साली कराचीत मेला. तिघांपैकी एकालाही लातूरच्या विधवांसमोर उभे राहावे लागले नाही.

आणि दिल्ली? लोकशाही सरकारने स्वतःच पाठवलेल्या माणसांचा अहवाल प्रसिद्ध केला नाही. काही भाग इकडेतिकडे छापून आला, पण दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचायला मिळायला 2013 साल उजाडले. पासष्ट वर्षे! निजामाने आमचे ऐकले नाही याचे नवल नाही, तो राजा होता. ज्यांना मते देऊन निवडायचे, त्यांनीही हे कपाटातच ठेवले, याची खंत जास्त आहे.

नुकसान केवळ जिवांचे नव्हते. फौज मोडली, कचेऱ्यांची भाषा बदलली, 1918 पासून उर्दूतून शिकवणारे उस्मानिया विद्यापीठ इंग्रजीकडे वळले. जागीरदाराला भरपाई मिळाली. उर्दू कारकुनाला कसली भरपाई? आमच्यासारखे जे उर्दू शाळांतून शिकवतात, त्यांना ही घसरण रोज फळ्यासमोर दिसते.

17 सप्टेंबरला मराठवाड्यातल्या आमच्या शाळांत झेंडा चढतो, आणि तो चढलाच पाहिजे. शोएबुल्ला खान त्याच झेंड्यासाठी मेला. पण त्या दिवसाचे आठवणारे आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. म्हणून आम्ही मुलांना घरातल्या, मोहल्ल्यातल्या वृद्धांना विचारून वहीत टिपून आणायला सांगतो. आजवर वह्यांत जे आले, त्यात बहुतेक उल्लेख लपवून ठेवणाऱ्यांचे आहेत. कोणी कडब्याच्या गंजीत लपवले, कोणी धान्याच्या कोठीत, कोणी कपाळाला कुंकू लावून लेक म्हणून घरात ठेवले. मारणाऱ्यांची नावे मात्र अजून कोणी सांगत नाही.