दोरीतलं भोक

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराविरुद्ध अंतिम सामना खेळत होती, तेव्हा तिच्या धनुष्याच्या दोरीत, डोळ्यासमोर येईल अशा उंचीवर, एक इवलीशी चकती गुंफलेली होती. चकतीला मधोमध आरपार भोक. त्याच्या दोन वर्षं आधी टोकियो ऑलिंपिकमध्ये फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव उतरला, त्याच्या दोरीत असलं काही नव्हतं. असतं तर पंचांनी त्याला बाण सोडूच दिला नसता.

या चकतीला पीप साइट म्हणतात. मैदानावर नुसतंच ‘पीप’. ती लावावी की नाही, हा वाद मुळात धनुष्याच्या घडणीचा आहे आणि ती घडण समजली की अर्ध्याहून जास्त वाद मिटतो.

तिरंदाजी आणि भोक यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे, पण उलट्या बाजूनं. द्रौपदी स्वयंवरातला फिरता मासा आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब कीर्तनांतून आपल्या मनात पक्कं बसलंय. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र मासा सापडत नाही. तिथे आहे उंचावर टांगलेलं एक यंत्र, त्याला छिद्र, आणि त्या छिद्रातून पाच बाण पलीकडच्या लक्ष्यावर मारायची अट. म्हणजे भोक बाणासाठी होतं. नजरेसाठी भोक वापरायची कल्पना ज्योतिष्यांची. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त गणितानं काढलेला ग्रह नळीतून राजाला दाखवायची रीत सांगितली आहे. नळीचं काम ग्रह मोठा करणं नव्हे. बघणाऱ्याचा डोळा ठरल्या जागी आणून बसवणं.

नेमबाजीत हीच युक्ती आधी युरोपातल्या शिकारी क्रॉसबोवर आणि मग बंदुकीवर आली. नळीच्या टोकाला माशी आणि डोळ्याजवळ भोकाची पट्टी. 1870 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कनेक्टिकटच्या विल्यम लायमननं या भोकाला मोठं रूप देऊन ते शिकाऱ्यांत लोकप्रिय केलं. भोक मोठं असलं तरी चालतं, हे त्याचं मर्म. गोलाचा मध्य माणसाचा डोळा आपोआप शोधतो, त्याला मुद्दाम शिकवावं लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकलं, तेही रायफलवरच्या अशाच भोकातून बघत.

मग धनुष्यानं हे भोक इतका काळ का घेतलं नाही? कारण गरज नव्हती. मागच्या पट्टीचं काम चेहरा करत होता. प्रवीणच्या हातातलं ते रिकर्व्ह धनुष्य, साधारण साडेपाच फुटांचं. ते ओढलं की दोरीचा कोन पसरट राहतो. ती हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला टेकते. हात जबड्याखाली ठरल्या जागी, म्हणजे अँकरवर, बसतो. डोळ्यासमोर दोरीची धूसर रेघ दिसते, ती तिरंदाज धनुष्याच्या कडेशी जुळवून घेतो. पुढची साइट लोखंडाची, मागची हाडामांसाची. प्रशिक्षक पोरांच्या मागे ‘अँकर, अँकर’ करत फिरतात ते उगाच नाही.

हे जमून गेलेलं गणित मिसुरीच्या होलेस विल्बर अ‍ॅलननं बिघडवलं. 1966 मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, 1969 च्या डिसेंबरात ते मिळालं, आणि अदितीच्या हातातलं कंपाउंड धनुष्य जन्माला आलं. टोकांना चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या तारा. सुरुवातीला जोर लावावा लागतो, पण चाक पुरतं फिरलं की भार एकदम उतरतो. आजच्या 60 पौंडांच्या धनुष्यात तो 15 पौंडांच्या आसपास राहू शकतो, त्यामुळे तिरंदाज निवांत थांबून नेम धरतो. मात्र हे धनुष्य आखूड. ओढल्यावर दोरीचा कोन इतका टोकदार होतो की ती हनुवटीपासून सुटते. फार तर नाकाला टेकते. त्यात दोरी बोटांनी नव्हे, रिलीज नावाच्या खटक्यानं धरायची, म्हणजे हाताची जुनी जागाही गेली. चेहऱ्याच्या खुणा अशा एकेक करून निसटल्या आणि ती रिकामी जागा पीपनं भरली.

ती किती महत्त्वाची, याचा ढोबळ हिशोब करता येतो. पीप ते स्कोप, म्हणजे पुढची साइट, हे अंतर साधारण एक मीटर धरा. मागे नजर एक मिलिमीटर सरकली, तर 50 मीटरवर बाण पाच सेंटिमीटर सरकणार. कंपाउंडच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचं. मध्यापासून चारच सेंटिमीटर हाताशी. दहा गेला. बर्लिनच्या त्या अंतिम सामन्यात अदितीनं 15 बाणांत 150 पैकी 149 गुण केले, 149–147 नं जिंकली आणि 17 व्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी, साताऱ्यातच प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांत 150 पैकी 150 केले. एक मिलिमीटरची सूट तिथे कुणालाच नव्हती.

पीपमध्ये पुढे बरीच कारागिरी शिरली. दोरी ओढताना पिळते, तशी चकतीही फिरते आणि ऐन वेळी भोक डोळ्यासमोरून गायब होतं. म्हणून एके काळी तिला रबरी नळी बांधून ओढून धरत. भोक लहान केलं तर चित्र स्वच्छ, पण अंधारं. मोठं केलं तर उजेड भरपूर, नेम सैल. स्पर्धेतले लोक स्कोपमध्ये बहिर्वक्र भिंग आणि पीपमध्ये बारीक अंतर्वक्र भिंग बसवतात. ही सरळसरळ गॅलिलिओच्या दुर्बिणीची मांडणी आहे, फक्त नळी तेवढी काढून टाकलेली! आणि एवढं सगळं करून साताऱ्याचा जुलैचा पाऊस भोकात एक थेंब अडकवून देतो. मग फुंकर मारा, पुन्हा ओढा.

नियम मात्र स्वच्छ आहे. कंपाउंडला पीप, भिंग, रिलीज सगळं चालतं. रिकर्व्हला पुढे साइट चालते, स्टॅबिलायझर चालतात, बाण पुरता ओढला की ‘टिक’ करणारा क्लिकर चालतो, दोरीवर ओठाची किंवा नाकाची खूण करणारा एक मणीही चालतो. भोक चालत नाही. रिकर्व्ह म्हणजे जुनी शुद्ध तिरंदाजी, ही समजूत मला पटत नाही. इतकी यंत्रं अंगावर बाळगणाऱ्यानं सोवळं कसलं सांगायचं? ही रेघ तडजोडीची आहे. पण ओढली आहे योग्य जागी, कारण चेहऱ्यानं नेम धरायचं कसब तिच्यामुळेच टिकलंय. साताऱ्याच्याच पार्थ साळुंखेनं 2023 मध्ये लिमरिकला 21 वर्षांखालचं जागतिक रिकर्व्ह विजेतेपद मिळवलं ते याच कसबावर.

तेव्हा सातारा-सांगलीकडच्या शाळांत बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळणाऱ्या मुलाला पीपची घाई नको. त्याचा अँकर आधी हाडात भिनू दे. पुढे कंपाउंड हाती घेतलं तर पीप पहिल्या दिवसापासून लावावी. तिच्याशिवाय कंपाउंड शिकवणं म्हणजे हट्टच. या भोकाला ऑलिंपिकची दारं आजवर बंद होती. कंपाउंडचा समावेश जागतिक स्पर्धेत 1995 ला जाकार्तात झाला, आशियाई खेळांत 2014 ला इंचॉनमध्ये. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे. रिकर्व्हवाल्यांची दोरी तिथेही कोरीच असेल.