नवशिका, सराईत आणि कळफलक : मराठी टर्मिनलच्या इतिहासातील एक प्रश्न

भोकरदनच्या तालुका कचेरीतील लेखनव्यवहाराकडे पाहिले, तर एका पिढीच्या काळात सराईत लेखनिकांना किती वेळा नवशिके व्हावे लागले असेल, याचा विस्मय वाटतो. निजामी अमलात सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती, गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत असे आणि मराठी छापील पुस्तक बाळबोधीत. सप्टेंबर १९४८ मध्ये तो अंमल संपला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात अधिकृत स्थान मिळाले. पुढे कागदाची जागा आधी टंकलेखनयंत्राने आणि नंतर संगणकाने घेतली. अशा प्रत्येक वळणावर एकच प्रश्न उभा राहिला : लेखनाचे साधन कोणाच्या सोयीने घडवावे, नित्य वापरणाऱ्याच्या की प्रथमच हाती घेणाऱ्याच्या?

मोडी आणि बाळबोध या जोडीत या प्रश्नाचे जुने रूप दिसते. मोडी ही सराईताची लिपी होय. ओळभर शिरोरेषा आधी आखून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे जोडीत जावयाचे, ही तिची रीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तिने सोडून दिला, कारण लिहिणाऱ्याला त्याचा अडथळा होई आणि जाणत्या वाचकास संदर्भाने अर्थ लागे. उलट बाळबोधीचे नावच तिचा हेतू सांगते. मात्र सराईतांसाठी घडलेले साधन सराईत संपले की मुके होते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू व मोडी वाचू शकणाऱ्यांची निकड सर्वांस जाणवली. ज्यांच्या पूर्वजांच्या त्या नोंदी, त्यांना त्या वाचता येत नव्हत्या.

टंकलेखनयंत्राने हाच प्रश्न पोलादात ओतला. इंग्रजीसाठी घडलेल्या यंत्रावर नव्वदीच्या आसपास चिन्हांत देवनागरी बसवावयाची होती. त्यामुळे अक्षरांचे तुकडे पाडावे लागले. ‘भ’, ‘थ’ यांसारखी अक्षरे अर्धे रूप आणि काना अशा दोन ठोक्यांत उमटत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी ठोकावयाची. ‘कि’ लिहिताना उच्चार क-इ आणि बोटे इ-क. नवशिक्याला ही मांडणी निरर्थकच वाटे. परंतु बोटांत मुरली की ती सुटत नाही. मिनिटाला तीस मराठी शब्दांचे प्रमाणपत्र लिपिकपदाचे दार उघडीत असे, हे लक्षात घेतल्यास या बोटांच्या स्मृतीत एका कुटुंबाचा चरितार्थ साठलेला असे, हे सहज पटेल.

संगणकाच्या आरंभकाळात कचेऱ्यांतून वापरले जाणारे टर्मिनल म्हणजे पडदा व कळफलक यांची जोडी. गणना दूरच्या मध्यवर्ती यंत्रात होई. अशा टर्मिनलवर भारतीय लिपी आणण्याचे काम कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झाले. मोहन तांबे यांनी त्या कामातून ‘जिस्ट’ तंत्र विकसित केले आणि १९८८ मध्ये ते पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात म्हणजे सी-डॅकमध्ये आले. अक्षरजुळणीचा भार या तंत्राने टर्मिनलवर टाकला. मध्यवर्ती यंत्रात फक्त संकेतांक साठविले जात. काना, वेलांटी व जोडाक्षरे योग्य जागी बसविणे हे टर्मिनलचे काम. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘इस्की’ संकेतप्रणालीचा पायाही हाच : शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवावा.

तिच्या जोडीचा ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक मुळाक्षरांवर आधारलेला आहे. स्वर व मात्रा डाव्या हाती, बरीचशी व्यंजने उजव्या हाती. ‘क’ च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’ वर ‘थ’, ‘ल’ वर ‘ळ’. पाय मोडण्याची खूण डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. ज्याला वर्णमाला येते, त्याला अर्धा कळफलक आधीच येतो. ही रचना निःसंशय नवशिक्याच्या बाजूची होती, आणि माझ्या मते शास्त्रीयही. पण जुन्या टंकलेखकाकडून तिने वीस वर्षांचा सराव विसरण्याची अपेक्षा केली. ती पुरी झाली नाही.

तरीही कलह मिटला. त्याचे श्रेय कळफलकाला न देता साठवणीच्या क्रमाला द्यावे लागते. कोणत्याही कळी दाबल्या तरी आत एकच संकेतमाला पोचते, हे ठरल्यावर जुनी टंकलेखन-मांडणी, इन्स्क्रिप्ट आणि रोमन अक्षरांवरून मराठी लिहिण्याची पद्धत या तिन्ही एकाच संगणकावर नांदू शकल्या. वेलांटी आधी ठोकणाऱ्याची वेलांटी आज्ञावलीच उचलून मागे नेते. युनिकोडने आपला देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतला.

टर्मिनलच्या बाबतीत मात्र ही फारकत अपुरी राहिली. १९७८ च्या ‘व्हीटी-१००’ यंत्राचा पडदा ऐंशी स्तंभ व चोवीस ओळींच्या समान चौकटींचा होता. आज त्या जातीच्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या ज्या आज्ञावल्या आहेत, त्यांनी नवशिक्यासाठी मेनू आणि सराईतासाठी कळींचे संक्षेप शेजारीशेजारी ठेवले. पण एका चिन्हास एक चौकट हा नियम सोडला नाही. ‘एमएलटर्म’ सारखा अपवाद वगळता, अशा अनेक आज्ञावल्यांत ‘क्षत्रिय’ हा शब्द पाय मोडलेल्या सुट्या व्यंजनांत विखुरतो आणि वेलांटी भलत्याच जागी दिसते. त्या पडद्यावर भोकरदनचा नवशिका विद्यार्थी आणि पुण्याचा मुरलेला आज्ञावलीकार दोघेही मराठी वाचताना सारखेच अडखळतात. जिस्टच्या टर्मिनलने हा प्रश्न चार दशकांपूर्वी हाताळला होता. त्या यंत्रांबरोबर तो उपायही कचेऱ्यांतून उठून गेला.