तांब्यावरचे खळगे

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा एवढं उरकून परततो. टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय सहसा राहूनच जातं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठाला, १९४४ ते १९४६ या काळात जे उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू ठेवण्यासाठी हे संग्रहालय १९४६ साली निघालं. आधी प्रा. कुंदनगार आणि मग डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी ते काम केलं. समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली मूर्ती, रोमन घाटाची सुरई, आरसे, स्वार बसलेला हत्ती... सातवाहनांच्या काळात आपलं गाव रोमशी व्यापार करत होतं याचा हा धातूतला पुरावा.

तो पुरावा हिरवा आहे, आणि कुणी चिंचेने घासून लख्ख केलेला नाही. आपल्या बायकांना हे बघवणार नाही!

मातीत पडलेल्या तांब्या-कांशावर आधी तांबूस थर धरतो, त्यावर हिरवा. हा थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तो धातूचं पांघरूणच असतो. पण मातीत मीठ, म्हणजे क्लोराइड असेल तर ते एखाद्या बारीक छिद्रातून आत शिरतं. ओतकामात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर अशी जागा आयतीच मिळते. आत क्लोराइड साठतं, बाहेरची दमट हवा लागली की आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि पुन्हा क्लोराइड सुटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी हे चक्र ओळखलं. वरून टिकलीएवढा डाग, खाली खोल खळगा. फिक्या हिरव्या भुकटीने तो ओळखावा. १९६७ पासून बेंझोट्रायझोल नावाचं रसायन त्यावर वापरतात, पण खरा उपाय कोरडी हवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोरडी हवा आणायची कुठून, हा प्रश्न वेगळा.

मूर्तीवरचा खळगा दिसायला वाईट, एवढंच. ताम्रपटावरचा खळगा मात्र अर्थ बदलू शकतो. शिलाहार राजा मारसिंहाचा मिरजेचा ताम्रपट शके ९८०चा, म्हणजे इ.स. १०५८चा. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख १९७७ साली एका ग्रंथात संपादित केले. असे लेख वाचणाऱ्यापुढे नेहमी एक पेच असतो: अक्षरावरचं टिंब हा अनुस्वार की गंजाने पाडलेला खळगा? जुने कारागीर पत्र्याच्या कडा थोड्या उचलून ठेवत, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासून अक्षरं झिजू नयेत. घासण्याचा बंदोबस्त त्यांनी केला, पण मिठाचा कोण करणार?

असो. हे सगळं लिहायला बसलो याचं कारण घरगुती आहे. २०१९च्या पुरात शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरलं आणि अनेकांची तांब्याची भांडी दिवसचे दिवस गाळात राहिली. गाळाचा गोळा जिथे चिकटतो, त्याखाली हवा पोचत नाही, आजूबाजूला पोचते. या फरकानेच धातू तिथे खाल्ला जातो. आमच्या घंगाळाला तसे पाच-सहा खळगे पडले आहेत. पुतण्याने पुण्याहून विचारलंय की बफिंग करून चकचकीत करून आणू का.

बाबा रे, नको. मशीन खळगा भरत नाही, भोवतीचं तांबं खळग्याच्या तळापर्यंत उतरवतं. जुना पत्रा मग पातळ होतो, मठाराचे ठोके जातात. चिंच-मिठानेही रोज घासू नये, कारण खळग्यात राहिलेलं मीठ पुन्हा तेच चक्र सुरू करतं. स्वच्छ पाण्याने धुवावं, मऊ फडक्याने पुसावं आणि उन्हात पालथं घालावं. हिरवी भुकटी पुन्हा दिसली तर मला कळवा.

आणि काठाखाली बघ. तिथे कासाराने खिळ्याने टिंबं ठोकून आजीचं नाव घातलंय, तिच्या माहेरचं. चार अक्षरं आहेत, दुसऱ्यावर अनुस्वार. त्या अनुस्वाराशेजारीच पुराने आणखी एक टिंब पाडलंय. भिंग घेऊन बघितलंस तर फरक कळतो: ठोकलेल्या टिंबाची कड गोल आहे आणि आतून पत्रा फुगलाय, पुराच्या टिंबाची कड वेडीवाकडी आहे आणि आत काहीच फुगलेलं नाही.